अ‍ॅनिमेशनच्या उमेदवारांस व त्यांच्या पालकांस

दहावीचा निकाल लागला, कीं आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत पालकांची जी वर्दळ सुरू होते, तिच्यांत अलीकडे एक नवा प्रश्न वारंवार कानीं पडूं लागला आहे. "सर, मुलगा चित्रें चांगलीं काढतो, त्याला अ‍ॅनिमेशनला घालावा म्हणतों. आपलें मत काय?" पूर्वीं चित्रें काढणाऱ्या मुलास 'आधीं गणित सुधार' एवढें सांगून वाटेला लावीत, आतां त्या चित्रांसही बाजारांत किंमत आहे असें पालकांस कळून आलें आहे, ही गोष्ट आनंदाचीच होय. परंतु पुढचे प्रश्न ऐकले म्हणजे हा आनंद थोडा ओसरतो. फी किती, संगणक कोणता घ्यावा, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचें चालतें, पगार किती मिळतो, इतकें सर्व विचारून होतें. पण ज्या एका वस्तूवर या धंद्यांतली पहिली नोकरी बहुधा अवलंबून असते, तिच्याविषयीं एक अक्षरही निघत नाहीं. ती वस्तु म्हणजे पोर्टफोलिओ.

हा शब्द कांहीं वाचकांस नवा असण्याचा संभव आहे. उमेदवारानें स्वतः केलेल्या निवडक कामाचा संग्रह, एवढाच त्याचा अर्थ. कागदावरील चित्रांचा असला तर ती एक वही किंवा संचिका. हलत्या चित्रांचा असला तर मिनिट-दीड मिनिटाची एक चित्रफीत, जिला त्या धंद्यांतील लोक 'रील' म्हणतात. मोबाईलवर आपलीं मुलें रात्रंदिवस जीं रीलें पाहत असतात, त्यांचा या रीलशीं नांवापलीकडे फारसा संबंध नाहीं. सुताराकडे काम मागावयास गेलेल्या पोऱ्यास जसें 'रंधा मारून दाखव' म्हणतात, तसेंच हें आहे. अर्ज पाहणारा मनुष्य प्रमाणपत्र मागाहून पाहतो. रील आधीं पाहतो, आणि पुढचें पान उलटावयाचें कीं नाहीं तें बहुधा त्यावरूनच ठरवितो.

आम्ही स्वतः या धंद्यांतले नव्हे. मराठी व इतिहास शिकविण्यांत आमचीं वीस वर्षें गेलीं, आणि आमच्या हातून साधा घोडा काढला तरी मुलें त्यास गाढव म्हणतात. परंतु आमचे तीन-चार माजी विद्यार्थी मुंबईस व पुण्यास या कामावर आहेत. त्यांच्याशीं वेळोवेळीं झालेल्या बोलण्यावरून, आणि गेल्या वर्षींच्या एका प्रसंगावरून, आमचें जें मत बनलें तें येथें मांडण्याचें धाडस करीत आहों.

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी वडिलांसह आमच्या घरीं आला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा झालेला. वडिलांचें सायकल-दुरुस्तीचें दुकान. फीसाठीं पतपेढीचें कर्ज काढलेलें, आणि त्याचे हप्ते सुरू झालेले. पंधरा ठिकाणीं अर्ज पाठविले होते. दोन ठिकाणांहून नकार आला होता, बाकीच्यांनीं तेवढीही तसदी घेतली नव्हती. "सर, ओळखीशिवाय आजकाल कांहीं होत नाहीं," असें वडील म्हणाले. आम्हीं म्हटलें, "आधीं रील तर पाहूं."

रील साडेचार मिनिटांचें होतें. पहिले वीस सेकंद मुलाचें नांव सोनेरी अक्षरांत गरगर फिरत होतें, आणि मागें ढगांचा गडगडाट चालला होता. मग एक मोटार वळणावर वळली. एक पाण्याचा पेला भरला. एका शीतपेयाची बाटली चकाकली. एक यंत्रमानव चार पावलें चालला, पण त्याचे पाय जमिनीवर टेकतांना मागें घसरत होते. त्यानंतर डोंगरांवरून उडत जाणारा एक अजस्र ड्रॅगन आला. तो इतका हुबेहूब होता, कीं आमच्या घरांतील मंडळीही हातचें काम टाकून पाहूं लागली. आणि सर्वांत शेवटीं, जणूं उरलेली जागा भरून काढण्यासाठीं, दहा-बारा सेकंदांचें एक साधें दृश्य होतें: एक म्हातारी नळाखालचा भरलेला हंडा उचलते. रंग नाहींत, पार्श्वभूमि नाहीं. राखी रंगाची एक बाहुलीच ती. परंतु हंड्यास हात घालण्यापूर्वीं ती पदर खोंचते, एक पाय मागें घेते, आणि पहिल्या हिसक्यास हंडा जागचा हलतच नाहीं. आम्हांस आमची आजी आठवली.

तें रील आम्हीं आमच्या एका मुंबईच्या विद्यार्थ्याकडे पाठविलें. हा गृहस्थ बारा वर्षें या व्यवसायांत असून नव्या उमेदवारांचे अर्ज पाहण्याचें काम त्याच्याकडे असतें. त्याचें उत्तर तासाभरांत आलें. "सर, ऑफिसांत असतों तर अर्ध्या मिनिटांत बंद केलें असतें. आपण पाठविलें म्हणून शेवटपर्यंत पाहिलें, आणि शेवटीं ती म्हातारी भेटली. ती आधीं कां नाहीं आली?"

या एका वाक्यांत आमच्या लेखाचा निम्मा विषय आला.

आपल्या मुलांस, आणि त्याहून अधिक आम्हां शिक्षकांस, एक खोड जडलेली आहे. जें जें केलें तें तें सर्व दाखवावें, म्हणजे पाहणारा दिपून जाईल, अशी आपली समजूत असते. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनांत आम्ही भिंतीवर एक वीतही जागा मोकळी सोडीत नाहीं. परंतु नोकरीसाठीं रील पाहणाऱ्या मनुष्याची दृष्टि प्रदर्शन पाहणाऱ्या पाहुण्याची नसते. त्याच्यापुढें तशीं शंभर रीलें पडलेलीं असतात. तो गुण मोजीत नाहीं, तर या मुलास स्वतःच्या कामांतलें बरें-वाईट कळतें कीं नाहीं, तें शोधीत असतो. चार उत्तम दृश्यांबरोबर एक हिणकस दृश्य ठेविलें, म्हणजे मुलास तो भेद कळत नाहीं असा निष्कर्ष निघतो, आणि तो निष्कर्ष अन्यायाचा आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

हिंदी चित्रपटाच्या जनकाची गोष्ट या ठिकाणीं सांगण्यासारखी आहे. १९१२ सालीं दादासाहेब फाळके लंडनहून चित्रपटाची विद्या व यंत्रसामग्री घेऊन परत आले, तेव्हां त्यांच्यापुढें आमच्या या विद्यार्थ्याचाच प्रश्न होता. विद्या होती, पैसा नव्हता, आणि ही विद्या यास खरोखर येते, यावर पैसेवाल्यांचा विश्वास बसण्यास कांहीं कारण नव्हतें. फाळक्यांनीं काय केलें? एका कुंडींत वाटाणे पेरले, तिच्यापुढें कॅमेरा मांडला, आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपट्याचें थोडथोडें चित्रण करीत राहिले. बी रुजलें, अंकुर फुटला, वेल चढूं लागला. महिन्याभराची ती वाढ पडद्यावर मिनिटाहून किंचित् अधिक वेळांत दिसूं लागली. 'अंकुराची वाढ' असें त्या चित्रफितीचें नांव. ती त्यांनीं मोजक्या लोकांस दाखविली, आणि त्यांपैकीं कांहींजण कर्ज देण्यास तयार झाले. पुढच्याच वर्षीं, १९१३ मध्यें, 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

आतां हेंही लक्षांत घ्यावें, कीं फाळक्यांजवळ दाखविण्यासारखें पुष्कळ होतें. ते छायाचित्रकार होते. छापखाना त्यांनीं चालविला होता. जादूचे प्रयोग तर ते आपलें आडनांव उलटें करून 'प्रोफेसर केळफा' या नांवानें करीत. परंतु धनिकापुढें त्यांनीं हें सगळें गांठोडें सोडलें नाहीं. एक कुंडी, एक वेल आणि एक मिनिट. जी विद्या विकावयाची, तीच दाखविली, आणि ती अशा वस्तूवर दाखविली, कीं पाहणाऱ्यानें ती आपल्या परसांत शंभरदां पाहिलेली असून कधीं हलतांना पाहिलेली नव्हती. १९१५ सालीं याच फाळक्यांनीं आगकाड्यांस नाचवून 'आगकाड्यांची मौज' नांवाची चित्रफीत केली. वाटाणे आणि आगपेटी! ज्या पालकांस महागड्या संगणकाशिवाय आरंभच होणार नाहीं असें वाटतें, त्यांनीं या दोन वस्तूंची बाजारांत काय किंमत पडते त्याचा विचार करावा.

मग रीलमध्यें काय असावें? ज्यास हालचालीचें काम करावयाचें आहे, त्याच्याविषयीं आम्ही बोलतों. सेकंदास चोवीस चित्रें डोळ्यांपुढून गेलीं म्हणजे चित्र हललें असें भासतें; पुष्कळदां बाराच चित्रें काढून प्रत्येक दोनदां दाखवितात व काम भागवितात. पण चोवीस चित्रें काढणें ही कला नव्हे. कोणतीं दोन चित्रें जवळ ठेवावयाचीं व कोणतीं दूर, यांत कला आहे. रबरी चेंडू उसळी घेऊन वर जातो, तेव्हां माथ्याशीं त्याची गति मंदावते, म्हणून तेथलीं चित्रें एकमेकांस खेटून येतात. जमिनीकडे तो वेगानें येतो, म्हणून तेथलीं विरळ. त्याच जागीं लोखंडी गोळा टाका. उसळी जवळजवळ नाहींच. एक धप्प, आणि थोडें घरंगळणें. कागदावर दोन्ही वर्तुळेंच असतात. एक हलकें व एक जड हें पाहणाऱ्यास केवळ अंतरावरून व वेळावरून समजतें. जो मुलगा हे दोन चेंडू वेगवेगळे दाखवूं शकतो, त्यास पुढें हत्ती व उंदीर दाखवितां येतील. ज्यास ते साधले नाहींत, त्याचा ड्रॅगन कितीही खवल्यांचा असला तरी कागदाच्या पतंगासारखाच उडेल.

डिस्नेच्या स्टुडिओंत ज्यांनीं आयुष्य घालविलें, त्या फ्रँक टॉमस व ऑली जॉन्स्टन या दोघांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत या कलेचीं बारा तत्त्वें सांगितलीं आहेत. त्यांतलें पहिलें वस्तूच्या दबण्या-ताणण्याचें, आणि दुसरें पूर्वतयारीचें. म्हणजे उडी मारणारा मनुष्य आधीं गुडघे वांकवितो, तें. म्हातारीनें पदर खोंचला व पाय मागें घेतला, ती हीच पूर्वतयारी. आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं विचारलें, "हें तूं कोणत्या पाठांत शिकलास?" तो म्हणाला, "पाठांत नाहीं, सर. आमच्या चाळींत नळ सकाळीं साडेपांचला येतो. मी रोज बघतों." हें सांगतांना तो ओशाळला होता. ड्रॅगनविषयीं बोलतांना तो ओशाळला नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, येथेंच तुमची चूक होते. परदेशांतल्या चित्रपटांत जें पाहिलें तें रीलसाठीं योग्य, आणि गल्लींत जें पाहतां तें क्षुद्र, असें तुम्ही धरून चालतां. वस्तुतः ड्रॅगन तुम्हीही पाहिलेला नाहीं व परीक्षकानेंही पाहिलेला नाहीं; त्याचें बरेंवाईट कोण ठरविणार? पण भारा डोक्यावर घेतलेली बाई मान न हलवितां वळते कशी, एस.टी.चा कंडक्टर चालत्या गाडींत दोन्ही हात मोकळे ठेवून तिकिटें कशीं फाडीत असे, नव्या चपला चावूं लागलेला पाहुणा लग्नघरांत कसा चालतो, हें तुमच्याइतकें कोणास ठाऊक आहे? आठवड्याच्या बाजारांत एक तास वही घेऊन बसा. कोणी अर्ध्या मिनिटाहून अधिक स्थिर राहणार नाहीं, म्हणून अर्ध्या मिनिटांतच रेघ ओढावी लागेल. नाक-डोळे राहून जातील, पण कंबर कोणीकडे झुकली आहे तें येईल. आमचे मुंबई-पुण्याचे विद्यार्थी सांगतात, कीं अशा वहीचीं दहा पानें पोर्टफोलिओंत असलीं, तर तीं प्रमाणपत्राहून अधिक बोलतात.

आतां आमचा स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. अकरा-बारा वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांत एक मुलगा इतिहासाच्या वहीच्या कोपऱ्यांत प्रत्येक पानावर एकेक काडीचा माणूस काढीत बसलेला आम्हीं पाहिला. पानें भरभर उलटलीं, कीं तो माणूस धांवत जाऊन गडाच्या तटावरून उडी मारी. आम्हीं ती वही जप्त केली, मुलास बाकावर उभें केलें, आणि वही नव्यानें उतरून आणावयास सांगितलें. त्यानें ती आणली. अक्षर सुरेख, कोपरे कोरे. त्यास आम्हीं दहापैकीं नऊ गुण दिले. जुनी वही कोठें गेली तें आम्हांस आठवत नाहीं. वर ज्या मुंबईच्या गृहस्थाचा उल्लेख केला तो हा मुलगा नव्हे. हा मुलगा पुढें काय करतो तें आम्हांस माहीत नाहीं, आणि हीच गोष्ट आम्हांस अधिक टोंचते.

आमच्या शाळा 'फेअर' वहीच्या उपासक आहेत. रफ वही म्हणजे वर्षअखेर रद्दींत घालावयाची वस्तु. पण अ‍ॅनिमेशनचा परीक्षक रफ वहीच मागतो! एका हालचालीसाठीं मुलानें किती प्रकार करून पाहिले, कोणता टाकला, कां टाकला, हें त्यास पाहावयाचें असतें. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आम्ही कमी लेखीत नाहीं. त्यांतील स्मरणचित्राचा विषय तर या कलेस अगदीं जवळचा आहे. परंतु तोही आम्ही घोकून घेतों: बाजाराचें दृश्य, फुगेवाला, झाडाखालीं तीन माणसें, दरवर्षीं तीच झाडें व तींच तीन माणसें. स्मरण कशाचें? मागच्या वर्षींच्या चित्राचें. आठवीपासून प्रत्येक मुलास एक कोऱ्या पानांची वही द्यावी, तिच्यांत खोडरबर वापरूं नये, आणि तिला गुण देऊं नयेत, अशी सूचना आम्हीं शिक्षकांच्या सभेंत मांडली आहे. गुण नसलेल्या वहींत मुलें काम करतील काय, असा प्रश्न विचारण्यांत आला. करून पाहिल्याशिवाय कळणार नाहीं, एवढेंच आम्ही म्हणूं शकलों.

आतां ड्रॅगनाकडे वळूं.

त्या संध्याकाळीं आम्हीं विद्यार्थ्यास विचारलें, "हा ड्रॅगन तूं केलास?" तो थोडा थांबला. मग म्हणाला, "ग्रूप प्रोजेक्ट होता, सर." खोदून विचारतां असें निघालें, कीं ड्रॅगनाची आकृति एकानें घडविली, उड्डाण दुसऱ्यानें केलें; आमच्या विद्यार्थ्यानें डोंगरावरील प्रकाश तेवढा बसविला. रीलमध्यें याचा कोठेंही उल्लेख नव्हता. "सगळेच असें टाकतात," तो म्हणाला, आणि वडील मध्येंच म्हणाले, "सर, तें काढूं नका. सगळ्यांत चांगलें तेंच आहे."

वडिलांस आम्ही दोष देत नाहीं. दर महिन्याच्या पांच तारखेस ज्यास हप्ता भरावयाचा आहे, त्यास रीलमधील सर्वांत दिखाऊ दृश्य गळावें हें सहन होणें कठीण. शिवाय ही संवय मुलांस लावली कोणी? चौथी-पांचवींतल्या मुलाचा प्रकल्प आई रात्रीं जागून करते, कोपऱ्यावरचा दुकानदार तयार करून विकतो, आणि आम्ही शिक्षक तो कोणाच्या हातचा आहे तें नीट जाणूनही त्यास पहिलें बक्षीस देतों. दहा वर्षें हें करून मग विसाव्या वर्षीं त्याच मुलास आम्ही सचोटी शिकवूं पाहतों!

पण नीतीची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवून केवळ व्यवहार पाहिला तरी हिशेब तोट्याचा आहे. तोच ड्रॅगन त्याच वर्गांतल्या आणखी दोन मुलांच्या रीलमध्यें असणार, आणि तिन्ही रीलें एकाच टेबलावर येण्याचा संभव फार. शिकवणीच्या चित्रफिती पाहून पायरी-पायरीनें केलेलें काम तर परीक्षक पहिल्या क्षणीं ओळखतात. तेंच दृश्य त्यांनीं पुष्कळदां पाहिलेलें असतें. आणि समजा, कोणी ओळखलें नाहीं. मग पुष्कळ स्टुडिओ उमेदवारास एक चाचणी देतात: अमुक दृश्य, अमुक दिवसांत करून पाठवा. त्या वेळीं मित्र जवळ नसतो. ज्याचें रील त्याच्या हाताहून मोठें आहे, त्याची फजिती तेथें ठरलेली. हल्लीं कृत्रिम बुद्धिमत्तेचें यंत्र कांहीं क्षणांत वाटेल तें चित्र काढून देतें, त्यामुळें तर तयार चित्राची साक्ष आणखीच दुबळी झाली आहे, आणि कच्च्या रेघांची किंमत वाढली आहे. सामुदायिक काम दाखवूंच नये असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तें अवश्य दाखवावें, व खालीं स्वच्छ लिहावें: 'या दृश्यांतील प्रकाशयोजना माझी, बाकीचें सहकाऱ्यांचें.' हा धंदाच मुळीं अनेकांच्या हातांचा आहे. दुसऱ्याचें श्रेय दुसऱ्यास देणारा मुलगा आपल्या मंडळींत नीट वागेल, असें स्टुडिओवाल्यास त्या एका ओळीवरून वाटतें, असें आमचा मुंबईकर विद्यार्थी सांगतो.

पालकांस पैशाविषयीं दोन शब्द सांगावयाचे राहिले. ब्लेंडर नांवाची संगणक-प्रणाली सर्वांस फुकट मिळते. तीवर आकृति घडवितां येते, तिला हलवितां येतें, प्रकाश देतां येतो. लाटव्हिया या लहानशा देशांतील गिंट्स झिल्बालोडिस या तरुण दिग्दर्शकाचा 'फ्लो' हा चित्रपट याच प्रणालीवर तयार झाला. त्यांत एक मांजर व इतर प्राणी आहेत, आणि एकही शब्द बोललेला नाहीं. २०२५ सालीं त्यास अ‍ॅनिमेशनपटाचें ऑस्कर मिळालें. ही गोष्ट आम्ही फी घेणाऱ्या संस्थांविरुद्ध सांगत नाहीं. चांगला गुरु, चुका दाखविणारा, पैसे देऊनही मिळाला तर घ्यावा. परंतु प्रवेश घेण्यापूर्वीं पालकांनीं संस्थेंत जाऊन तेथील विद्यार्थ्यांचीं रीलें मागून पाहावींत. सगळींच एकासारखीं एक दिसलीं, तर मुलें शिकत नसून एकच कित्ता गिरवीत आहेत असें समजावें.

आणखी एक. या धंद्यांत प्रवेश करतांना हातीं येणारें पहिलें काम बहुधा सामान्य असतें. चित्रीकरणांतील मनुष्याची कड चित्रामागून चित्र कोरून काढणें, ज्यास रोटो म्हणतात. दोऱ्या-तारा पुसून टाकणें. दुसऱ्यानें केलेल्या मुख्य चित्रांमधलीं चित्रें भरणें. त्यांत कमीपणा मानूं नये. मात्र रोटोसाठीं अर्ज करणाऱ्यानें रोटोचेंच काम पाठवावें, व पार्श्वभूमि रंगविणाऱ्यानें पार्श्वभूमि. सर्व खात्यांचें थोडें-थोडें एकाच ताटांत वाढलें, तर कोणत्याच खात्याचा मनुष्य जेवत नाहीं.

मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें हा विभाग उभारला गेला, तेव्हां १९५६ सालीं तेथें शिकविण्यास डिस्नेचे क्लेअर वीक्स आले होते. मिशनरी आईबापांच्या पोटीं ते याच देशांत जन्मले होते, हें आमच्या शाळेच्या मुलांस ऐकून आवडेल. त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्यांत राम मोहन होते, जे पुढें भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेले. ते विज्ञानाचे पदवीधर होते, चित्रकलेचे नव्हे. म्हणून ज्या मुलाच्या हातीं कलेची पदवी नाहीं त्यानें एवढ्यावरून खचूं नये. आणि ज्याच्या हातीं आहे त्यानें एवढ्यावर विसंबूं नये.

आमच्या विद्यार्थ्याचें रील पुढें तीनदां बदललें. सोनेरी अक्षरें गेलीं. पहिल्या दोन सेकंदांत नांव, दूरध्वनि व 'हालचालीचें काम' एवढेंच आलें. मोटार, पेला, बाटली गेली. घसरणारा यंत्रमानव त्यानें दुरुस्त करण्याचा यत्न केला, जमला नाहीं, म्हणून तोही काढला. ड्रॅगन काढावा कीं खालीं ओळ लिहून ठेवावा, यावर बापलेकांत दोन दिवस अबोला होता. अखेर मुलानें तो काढला, कारण प्रकाशयोजनेची नोकरी त्यास नकोच होती. म्हातारी आतां सर्वांत आधीं येते. तिच्यामागें दोन चेंडू, एक बाजारांतील हमाल, आणि वडिलांच्या दुकानांत हवा भरणारा एक पोरगा. एकूण बावन्न सेकंद. वडिलांनीं तें पाहिलें व म्हणाले, "दोन वर्षांचे एवढेच?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पाठविण्यापूर्वीं आम्हीं एक काम मात्र करविलें: तो दुवा आमच्या, शेजाऱ्यांच्या आणि शाळेच्या शिपायाच्या मोबाईलवर उघडून पाहिला. शिपायाच्या मोबाईलवर तो परवानगी मागूं लागला. पूर्वींच्या पंधरा ठिकाणीं किती जणांपुढें तें रील उघडलें तरी होतें, कोण जाणे!

या महिन्यांत पुण्याहून एक चाचणी आली आहे. एक मनुष्य जड पेटी ढकलतो, दहा सेकंद, मुदत सात दिवसांची. नोकरी मिळेल कीं नाहीं, तें हा अंक छापखान्यांत जाईपर्यंत कळणार नाहीं. काल संध्याकाळीं आम्ही त्या दुकानावरून येत होतों. मुलगा हत्यारांनीं भरलेली लोखंडी पेटी फरशीवरून रेटीत होता, आणि वडील गुडघ्यावर बसून मोबाईलवर त्याचें चित्रण करीत होते. "सर, जरा थांबा," ते म्हणाले, "पाय दिसत नाहींत याचे. पुन्हां घ्यावें लागेल."